मृगाआधीचा किडा

"किडा चावला म्हंजे दवाईत जान हाय!" गॅरेजच्या दारात चाचा कोणाला तरी सांगत होते आणि सुजलेलं बोट कौतुकानं वर धरत होते.

वणीत कधी मोटारसायकल दुरुस्त केली असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं गॅरेज आणि मागे घर. मी दिसले की म्हणायचे, "काय बेटी, आवाज अंग्रेजी शाळेतच जमा करून आली का?" मी हसायचे आणि आत जायचे.

हिवाळ्यात चाचींना लकवा झाला. उजवा हात पार गेला. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. पण बाजारात कोणीतरी सांगितलं, मृगाचा लाल किडा तिळाच्या तेलात उकळून चोळा, हात उठतो. तो किडा निघतो पावसाळ्यात. चाचांना तेवढा धीर नव्हता. भर उन्हात ते गावाबाहेरच्या रानात वाकून फिरू लागले.

कोळशाच्या ट्रकवाले ओरडायचे, "चाचा, नट पडला का?"

"नट नाही रे. तुह्या चाचीचा हात शोधून राह्यलो."

मृगाचे किडे लहानपणी आपण सगळ्यांनीच तळहातावर फिरवलेले. ते चावत नाहीत. चाचांना सापडलेले मात्र चावायचे. आईनं विचारलंच, "भाऊ, हा काहून चावते?"

"उन्हाळ्यातला हाय ना भाभी. तापलेला असते."

रोज संध्याकाळी तेल चोळताना भिंतीपलीकडून चाचांचा आवाज यायचा. "उचल. थोडासा उचल. तुले माही कसम."

पाऊस यायच्या आधीच चाची गेल्या.

त्याच आठवड्यात मी जेवणाचा डबा द्यायला गेले. चाचांनी फळीवरून काचेची बाटली काढली.

"एक उरला. तू कॉलेजात किड्यांचंच शिकते ना? पाहून सांग."

काळं मखमली अंग, मध्ये गर्द लाल पट्टा, मागे पांढरे ठिपके. इतकं देखणं काही मी पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं. काचेवर चढून ते पुन्हा घसरत होतं. पाय सहा, मृगाच्या किड्यासारखे आठ नाहीत. बारीक कंबर. शेवटाला नांगी आतबाहेर होत होती. ही गांधीलमाशीच्या जातीतली, बिनपंखी मादी. हिच्या तेलानं कुणाचा हात उठेल, असं कोणीच सांगितलेलं नव्हतं.

चाचा माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांची बोटं अजून काळीनिळी होती.

"म्या चुकीचा तर नाही ना उचलला, बेटी? माह्यामुळं तर तिचा हात..."

मी बाटली त्यांच्या हातात परत दिली.

"तोच आहे, चाचा. तुम्ही बरोबर आणला होता."