लिफ्टमनला किती गुण

रुपराव लिफ्टमन आहेत. आमच्या ऑफिसच्या तक्त्यात त्यांच्या कामाचं वर्णन एका ओळीत उरकलं आहे: बसून बटणं दाबणे. ती ओळ वाचली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कोणत्या कामात मनावर किती ताण येतो, हे मोजत फिरणं ही माझी नोकरी. कळमन्याच्या धान्यबाजारातले हमाल झाले, मग रामदासपेठेतलं एक पाचमजली हॉस्पिटल आलं. एक गुण म्हणजे ताण नाही, पाच म्हणजे फार. ज्या कामाला चारच्या वर गुण येतील, तिथं मधल्या सुटीपुरता बदली माणूस देऊ, असं हॉस्पिटलने कबूल केलं होतं. रुपरावांना तोच हवा होता. वय अठ्ठावन्न, अंगात साखर, आणि सकाळी सहा ते दुपारी दोन लघवीलासुद्धा उठता येत नाही. म्हणून हा माणूस दोनपर्यंत पाणीच पीत नाही.

आणि त्यांनीच सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं, काही त्रास नाही, मस्त चालू आहे. निर्णय घ्यावे लागतात का, या प्रश्नालाही नाही. गुण आला एक. मला त्यांचाच राग आला. एरवी पानठेल्यावर तासभर बोलतील, पण कामाच्या वेळी मिठाची गुळणी!

दुसऱ्या दिवशी जाऊन जाब विचारला. ते म्हणाले, फॉर्म भरताना सुपरवायझर मागेच उभा होता. टेन्शन येतं म्हटलं असतं, तर त्याने बिनटेन्शनचा दुसरा माणूस आणला असता. आता त्या सुपरवायझरला तिथं उभं कोणी केलं होतं? मी. फॉर्मवर त्याची सही लागते, त्यासाठी पुन्हा खेप नको म्हणून. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी म्हटलं, रुपरावजी, तुम्ही जाऊन या, मी बसते.

ते गेले आणि लिफ्टमधला फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर तयार होतं. तो ठेवते न ठेवते तोच चौथ्यावरून फोन, तिथंही स्ट्रेचर. दुसरी लिफ्ट दोन वर्षांपासून बंद. आधी कुठं जायचं? माझा हात बटणापाशी तसाच राहिला. एक नातेवाईक जिना उतरून आला आणि त्याने माझ्या आईचा उद्धार केला.

रुपराव ओल्या हातांनीच धावत आले. फोनवर एवढंच विचारलं, ऑक्सिजन कोणाला लावला आहे, आणि लिफ्ट चौथ्यावर नेली. दोन्ही पेशंट पोचल्यावर लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी निर्णयाचा प्रश्न पुन्हा विचारला.

त्यांनी आधी लिफ्टचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मागच्या चैतात असेच दोन फोन आले. मी दुसऱ्यावर गेलो. चौथ्यावरची बाई तिथंच गेली. लहान लेकराची माय होती. घरी बी सांगतलं नाही अजून."

मी नवा फॉर्म भरला. पाच.

संध्याकाळी आमच्या ऑफिसात गुण तक्त्यात चढवणाऱ्या मोहितचा फोन आला. लिफ्टमनला पाच येतच नाहीत म्हणे, तक्त्यात बसत नाही, म्हणून त्याने परस्पर एक करून टाकला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे त्याला काय सांगायचं? तोंडाला येईल ते बोलले. पण अहवाल गेला होता, आणि रुपरावांना बदली माणूस मिळाला नाही.