दगड माझ्या हातात होता

चूक माझी होती, आणि ती मी दुसऱ्याच्या कानांवर ढकलली. वर्ष होत आलं. तेवढ्या काळात एका माणसाचं नाव खराब झालं आणि मी रोज वेळेवर कामावर जात राहिलो.

सुरत सपाट आहे. इथे चढ म्हणजे पूल, नाहीतर आमच्यासारखी सोसायटी. गोडादऱ्याच्या पुढे खाडीच्या काठाला बिल्डरने पुराच्या भीतीने भराव टाकून टाकून जमीन वर उचलली आणि तिच्यावर रो-हाउसच्या तीन रांगा बांधल्या. पाणी घरात येत नाही, पण गाडीही सुखाने दारापर्यंत येत नाही. मेन रोडवरून वर येणारा रस्ता उभा आहे, मध्ये एक वळण आहे आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. लिंबायतच्या, आमच्या खानदेशी कामगारांच्या वस्तीतल्या, दोन खोल्या सोडून मी इथे आलो तेव्हा माझा मेहुणा धापा टाकत म्हणाला होता, "दाजी, तुम्हना घर येवाले गड चढना पडस!"

चढाच्या पायथ्याशी, सोसायटीच्या कुंपणाला लागून, एक माणूस जुनी जीप घेऊन उभा असायचा. जीपच्या पुढे लोखंडी ड्रम, ड्रमवर वायररोप. बंद पडलेली गाडी ओढून नेण्याला आमच्याकडे टोचन म्हणतात, आणि त्याला सगळे टोचनवालाच म्हणायचे. वडील जालन्याकडून आलेले, त्याचा स्वतःचा जन्म सुरतचा. मराठी घरापुरती, कामाची भाषा गुजराती. कमी बोलायचा, आणि बोलला की समोरच्याला टोचेल असंच बोलायचा.

त्या सकाळी माझी जुनी व्हॅन वळणाच्या जरा खाली, अगदी शेजाऱ्यांच्या फाटकासमोर बंद पडली. हँडब्रेक धरत नव्हता. मागे शाळेची गाडी आणि दोन रिक्षा अडकून हॉर्न वाजवत होत्या. टोचनवाला आला, व्हॅनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, ही गाडी आहे का भंगार? बरं, कामाचं ऐका."

त्याने मागच्या गाड्या खाली हटवायला लावल्या आणि जीप वर, वळणाच्या पलीकडे नेऊन उभी केली. तिथून त्याला व्हॅन दिसणार नव्हती. म्हणून त्याची एक पद्धत होती. एका कामात एकच माणूस बोलणार, आणि तो फक्त त्याचंच ऐकणार. त्या दिवशी तो माणूस मी. त्याने स्टिअरिंग सरळ करून पट्ट्याने बांधलं, माझ्या हातात एक मोठा दगड दिला आणि समजावलं. 'आवा दे' म्हटलं की तो दोर ओढणार. गाडी हातभर वर आली की मी 'बस' म्हणायचं, चाकामागे दगड ठेवायचा आणि 'जवा दे' म्हणायचं, म्हणजे तो दोर सैल सोडणार आणि गाडीचा भार दगडावर बसणार. मग जीप पुन्हा नीट लावून पुढचं ओढायचं.

"दगड ठेवल्याशिवाय 'जवा दे' नाही," तो म्हणाला. "आणि मधे फालतू बडबड नाही. मला वरून फक्त आवाज येतो, तोंड दिसत नाही तुमचं."

"मी लूमच्या खात्यात मास्तर आहे," मी म्हणालो. "तीस वर्षं मशीनच्या आवाजात माणसं सांभाळली. मला काय शिकवतोस?"

"शिकवत नाही. सांगतोय."

दोनदा सगळं ठीक झालं. तिसऱ्यांदा व्हॅन वर सरकली, मी 'बस' ओरडलो, त्याने दोर ताणून धरला. मी दगड ठेवायला वाकणार, तोच शेजारी फाटकातून बाहेर आला. त्याच्याशी माझं पूर्वीपासून बरं नव्हतं. पार्किंगवरून, पाण्याच्या मोटरवरून, आमच्याकडच्या लग्नातल्या बँडवरून. त्याचे म्हातारे वडील नेहमीप्रमाणे फाटकालगतच्या ओट्यावर बसले होते.

"आ गाडी छे के उकरडो?" तो म्हणाला. "रोज अमारा घर सामे!"

"रोज कुठे? आज बंद पडली."

"लिंबायतनी आदत जाय ज नहीं. ज्यां त्यां रस्ता रोको."

लिंबायत हा शब्द तो शिवीसारखा उच्चारायचा. मी ताडकन उभा राहिलो. हातात दगड तसाच होता, आणि बोलताना माझे हात हलतात.

"पथ्थर बतावे छे मने?" तो छाती पुढे काढून आला. "मार! जोऊं, मार!"

लोक जमले. कुणी हसलं, कुणी मोबाइल काढला. वर गॅलरीतून माझी बायको ओरडली, "अहो, कसाले भांडतस?" तिचा आवाज ऐकून मला एकदम लाज वाटली. पन्नाशीचा माणूस, हातात दगड, समोर तमाशा. मी हात झटकला आणि रागाने, खच्चून, मराठीत म्हणालो, "जाऊ दे!"

म्हणजे, मरू दे हे भांडण. एवढाच अर्थ होता.

वळणापलीकडे ते 'जवा दे' झालं. त्याने दोर सोडला.

व्हॅन आधी आवाज न करता मागे गेली. मग तिरकी होऊन फाटकावर आदळली, खांब पडला, ओट्याची कड तुटली आणि म्हाताऱ्यांचा पाय तिच्याखाली आला. त्यांच्या किंचाळीचं मी अजून कुणाजवळ वर्णन करू शकत नाही. टोचनवाला धावत वळणावर आला आणि सगळ्यात आधी त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. दगड माझ्या हातात होता. मी तो गटारात टाकला.

म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेल्यावर सगळे टोचनवाल्यावर तुटून पडले. शेजाऱ्याने त्याची कॉलर धरली. तो म्हणत राहिला, "यांनी सांगितलं तेव्हाच सोडलं. विचारा यांना." सेक्रेटरीने मला विचारलं. मला खरं माहीत होतं. व्हॅन थांबायच्या आधीच मला कळलं होतं. भांडणाच्या गोंगाटात माझा नेमका शब्द कुणी ध्यानात ठेवला नव्हता. तरी मी म्हणालो, "मी तर 'थांब' म्हणालो होतो."

कॉलर सोडवून तो वर गेला आणि दोर गुंडाळू लागला.

माझ्या एका वाक्याने दोनच शक्यता उरल्या. हा प्यायलेला असेल किंवा बहिरा असेल. तोंडाला वास नव्हता, म्हणून बहिरा ठरला. सोसायटीने त्याला कुंपणाजवळून उठवलं. 'बहेरो' हे नाव त्याच्याआधी गॅरेजा-गॅरेजांत पोचलं. आवाजावर दोर सोडणाऱ्या माणसाला बहिरा म्हटलं की त्याच्या हाती गाडी कोण देणार? रिक्षावाले त्याच्या जवळून जाताना मुद्दाम ओरडायचे, "ओ बहेरा, संभळाय छे?" ऐकू येतं का, म्हणून. हे मला खात्यात माझ्या हाताखाली कापड विणणाऱ्या एका कारागिराने हसत सांगितलं. मीही थोडा हसलो. ते हसणं मला त्या खोट्यापेक्षाही जास्त जाळतं.

म्हाताऱ्यांचा पाय सांधला, पण वाकडा. शेजारी माझ्याशी आता गोड बोलू लागला, कारण आम्हा दोघांना एकच शत्रू मिळाला होता.

बायको काही महिने गप्प होती. एकदा मी मुलीला परीक्षेच्या मार्कांवरून खोटं बोलल्याबद्दल झापत होतो. बायको भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "मी गॅलरीमा उभी व्हतू. माले आयकू उनं." मुलीला काही कळलं नाही. मी ताटावरून उठलो.

त्या रविवारी मी कामरेजला गेलो. टोचनवाला आता तिकडे उभा असतो असं कळलं होतं. तो हायवेच्या कडेला जीपच्या सावलीत बसला होता. मला पाहून उठला नाही.

"काय, भंगार परत बंद पडलं?"

"नाही. भाऊ, तुझी माफी मागायला आलोय. मी त्या दिवशी..."

"मोठ्याने बोला," तो म्हणाला. "मी बहिरा आहे."

एक ट्रक गेला, धूळ उडाली. मग पुन्हा सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. त्याने मध्येच हात वर केला.

"मला कशाला सांगता? मला माहीतच आहे. मी तुमचा शब्द ऐकला होता, आणि हातातला दगडही पाहिला होता. इथे जीपच्या सावलीत माफी मागून तुम्हाला रात्री झोप लागेल. मला काय?"

"तू म्हणशील ते करतो."

"जिथे 'थांब' म्हणालात तिथे जा. त्याच माणसांसमोर. आणि गुजरातीत बोला. मराठीत बोलून पुन्हा कुणाला काही भलतं ऐकू यायला नको."

"तू येशील?"

"येईन. पण तुमच्यासाठी नाही."

सोसायटीची मीटिंग महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मोकळ्या जागेत होते. तो आला, पण आत आला नाही, फाटकाशी हाताची घडी घालून उभा राहिला. त्याला पाहताच कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "आ बहेराने कोणे बोलाव्यो?" शेजारी खुर्ची सारून उठला. मी म्हणालो, मी बोलावलंय, आणि उभा राहिलो.

माझी गुजराती खात्यातली आहे, कारागिरांना हुकूम देण्याची. माफी मागायला ती कधी वापरली नव्हती. दोन वाक्यांतच शेजारी ओरडला, "एटले वरस सुधी जूठ?" म्हणजे, वर्षभर खोटं? मी हो म्हणालो. "मारा बापनो पग..." तो म्हणाला आणि वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. बाकीचे मात्र बोलत होते. लिंबायत हा शब्द पुन्हा आला, त्याहून वाईट शब्दही आले. एकही शब्द मला अडवावासा वाटला नाही. सेक्रेटरी बसा बसा म्हणत होता. मी बसलो नाही. म्हातारे काठी धरून पुढच्या रांगेत बसले होते. मी आधी त्यांच्यासमोर वाकलो. त्यांनी वाकडा पाय मागे घेतला.

मग मी, आधी त्यांच्याकडे आणि नंतर फाटकाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मोडक्या गुजरातीत, जे म्हणालो त्याचा अर्थ एवढाच होता: "बापूजी, तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. मी 'थांब' म्हणालो नव्हतो, दगड हातातच ठेवून 'जाऊ दे' म्हणालो होतो. भाऊ, तू बहिरा नाहीस. मी जे बोललो ते तू बरोबर ऐकलंस, बरोबर केलंस, आणि मी सगळ्यांसमोर तुला खोटा पाडला. मला माफ कर."