चमकवून बोथट केलेल्या बारा सुऱ्या

सव्वीस वर्षं मी अंबरनाथच्या एका टूलरूममध्ये पोलादाचा कडकपणा तपासला. लहानपणी जांभूळ गावी आजोळी गेलं की बाकीच्या मुली झोके घ्यायच्या, मी लोहाराच्या भात्यापाशी बसायचे. त्यामुळे नोकरी सोडून बदलापुरात घरामागे भट्टी लावली, याचं मला काही नवल वाटलं नाही. दिराला वाटलं.

"वहिनी, या वयात सुऱ्या? शिवणाचा क्लास काढा की. हे सहा महिन्यांत गुंडाळाल."

याला साधी पेन्सिल तासता येत नाही. त्याचं तोंड बंद करायचं तर माझा माल परक्या माणसांनी घ्यायला हवा होता.

जुन्या करवतीच्या पात्यांच्या मी सुऱ्या करते. तापलेलं पातं तेलात बुडवलं तरी त्याला आम्ही पाणी देणंच म्हणतो. त्याने पातं कडक होतं आणि काळपट दिसतं. ते तसंच ठेवायचं. उल्हासनगरच्या एका भांडीवाल्याने एकदम बारा सुऱ्या घेतल्या. पहिली मोठी ऑर्डर, म्हणून मी हुरळले. तेवढा मूर्खपणा माझाही.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन. "मॅडम, आपका माल कच्चा है. टमाटर भी नहीं कटता. गिऱ्हाईक वापस करताय."

गेले. काउंटरवर सुऱ्या आरशासारख्या लखलखत होत्या. त्याने मला न विचारता त्या पॉलिशवाल्याकडे दिल्या होत्या. प्रत्येक धारेला निळी रेघ. चाकावर दाबून दाबून पातं तापवलं की ही रेघ येते आणि धारेचं पाणी उतरतं.

"ये नीला क्या है?"

"डिझाइन है ना? अच्छा दिखता है."

तीस वर्षं हा माणूस सुऱ्या विकतोय.

"शेठ, तुम्ही आरसे विका," म्हटलं, त्याचे पैसे परत केले आणि बाराही पिशवीत भरून आणल्या.

निळा भाग घासून काढला, पुन्हा तापू नये म्हणून दर फेरीला पातं पाण्यात बुडवत. पाती दोन सूत अरुंद झाली, आणि चमक गेली ते बरंच झालं. मग एक सुरी घेऊन आमच्या मासेवालीकडे गेले. तिला खूश करणं कुणाला जमलेलं नाही.

"हातात नको देऊ गं बाय, भांडान होतं. खाली ठेव."

फळीवर ठेवली. तिने उचलली, अंगठ्याने धार पाहिली आणि हलव्याच्या काट्यालगत एका दमात फिरवली.

"दिसायला उपाशी हाय," ती म्हणाली. मग दुसरा मासा घेतला. "आनखी दोन आन. शेजारनीला पन पायजे. आन् चमकवू नको, वल्या हातातून निसटतं."

आठवड्याभरात अख्ख्या बाजाराने उरलेल्या नेल्या. एक मात्र मी दिरासाठी ठेवली होती. ती त्याला दिली. थेट हातात.