कुठेच न जाणारा जिना

आमच्या मरोळच्या पालिका दवाखान्यात तळमजल्याला एक खोली होती. दारावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलेलं. मी चौथी शिकलेला माणूस, आम्ही तिला व्यायामाची खोली म्हणायचो. भिंतीला कप्पी आणि दोरी, कोपऱ्यात बसून पाय मारायची सायकल, आणि मधोमध एक लाकडी जिना. दोन्ही बाजूंना कठडा, थोड्या पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे तेवढ्याच उतरायच्या. वर माळा नाही, खोली नाही, काही नाही.

माझ्या बायकोने तो जिना पहिल्यांदा बघितला तेव्हा तिचं अर्धं अंग गेलेलं होतं. उजवा हात छातीशी वळलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. मी तिला रिक्षातून उतरवलं आणि कमरेला धरून आत नेलं. जिन्याकडे तिने बराच वेळ बघितलं.

"ह्यो जिनो खंय जाता?"

"खंयच नाय," मी म्हटलं.

"मगे माका कित्याक चढवतास?"

खोलीतली मॅडम हसली. नागपूरकडची पोरगी, कंत्राटावर लागलेली. मालवणी तिला कळत नव्हती, पण एवढं कळलं. म्हणाली, "काकू, वर गेलं की चहा मिळतो."

बायको जड जिभेने म्हणाली, "साखर कमी."

झटका आल्यापासून ती पहिल्यांदा कोणाशी थट्टेने बोलली होती. मी तोंड फिरवून कप्पीकडे बघत राहिलो.

मग आम्ही रोज जाऊ लागलो. मॅडमने तिला हातात दाबायला रबराचा गोळा दिला. बायकोने त्याचा वास घेतला आणि बाजूला टाकला. घरी आल्यावर मला म्हणाली, तांदळाच्या पिठाची उकड काढा. मी आयुष्यभर कारखान्यात लेथवर लोखंड कातलं. उकड काढायची कशी ते ती खाटेवरून सांगत गेली आणि मी करत गेलो. दुसऱ्या दिवशी त्या उकडीचा डबा तिने खोलीत उघडला.

"ह्यां पीठ आसा काय शिमीट?"

सगळी खोली हसली. पण त्या शिमिटावर तिने बोटं टेकवली. उजवा हात उघडायचा नाही, डाव्या हाताने त्याचं एकेक बोट सोडवायची आणि पिठावर दाबायची. भाकरी कसली, पाटाच्या आकाराचं काहीतरी झालं. मॅडमने ती हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. त्यानंतर रबराच्या गोळ्याला कोणी विचारेना. आमच्याच गल्लीत शिवणकाम करणारी एक मावशी होती, नवरा नाही, डावी बाजू गेलेली. ती पण बायकोच्या डब्यातलं पीठ मागून घ्यायची. दोघींची पैज लागायची, कोणाची भाकरी गोल. मावशी म्हणायची, "माझी कापडासारखी कापून गोल करू का?" बायको म्हणायची, "काप, पण मगे खावची तूच."

आणि एक दिवस घरी, गॅससमोर उभं राहून, माझ्या बायकोने खरी भाकरी थापली. कड फाटली होती. मी ती कुळथाच्या पिठीबरोबर खाल्ली, आणि अजून मागितली.

ती नीट चालायला लागली तरी खोलीत जायची. नवीन बाया यायच्या, घाबरलेल्या, त्यांना ती जिन्यापाशी नेऊन उभी करायची आणि चहाची थट्टा सांगायची. त्याच सुमाराला बातमी आली की ही खोली जाणार. पालिकेचं बजेट आखडलं होतं. तिकडे फोर्टातल्या मोठ्या सभागृहात आकडे ठरले होते, आणि आमच्या वॉर्डाच्या वाट्याची कात्री कुठे चालवायची ते इथे ठरायचं होतं. मॅडमचं कंत्राट पुढे वाढवायचं नाही, पेशंटनी पुलापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, असं घाटत होतं.

बायकोची झोप गेली. मी म्हटलं, "तू चालतंस ना आता? मगे?"

"मी चलतंय ओ. पण माझ्या मागसून येतली त्यांचा काय? पूल कशी चढतली ती?"

मी म्हटलं, बघूया. एवढंच म्हटलं. त्यानंतर काही आठवड्यांनी तिला पुन्हा झटका आला. या वेळी दवाखान्यापर्यंत न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. सकाळी उकड काढायला पाणी ठेवलं होतं, ते गॅसवर आटून गेलं.

दहाव्याला आम्ही स्मशानामागच्या शेडमध्ये जमलो. पिंड मांडून झाला. समोर पिंपळावर कावळे भरपूर होते, ओरडत होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा असतो, तुझं ते काम आम्ही करू म्हणून. मी काही देवभोळा नाही. गणपतीला गावी जातो तेही भजनाला आणि जेवायला. पण तिथे उभं राहिल्यावर माणसाचं वेगळं होतं.

मुलगा पुढे झाला. "आई, पप्पांना मी अंतर देणार नाही." कावळे तिथेच.

मुलगी म्हणाली, "आई, गावचं घर आम्ही विकणार नाही." एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि परत वर गेला.

मुलाने तिच्या आवडीच्या मोदकांचं नाव काढलं, सुनेने नातीच्या लग्नाचं काढलं. नात दुसरीत आहे. भटजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढचं काम होतं. म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, शास्त्रात आहे. तेवढ्यात मागून काठी टेकत शिवणवाली मावशी पुढे आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊ, खोलीचं बोला."

मी पिंडासमोर उभा राहिलो. म्हटलं, "खोली बंद होवक देवचंय नाय. जा तू."

कावळा आला. मी बोलून तोंड मिटतोय तोवर आला. भाताचं शीत उचललं आणि गेला. मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. भटजी म्हणाले, "सुटली माउली." मला मात्र त्या क्षणी कोणीतरी खांद्यावर लोखंडाचा ठोकळा ठेवल्यासारखं झालं. कारण शब्द मी दिला होता, आणि तो पुरा कसा करायचा हे मला ठाऊक नव्हतं.

नगरसेविकेच्या ऑफिसात मी खेटे घातले. बाई वाईट नव्हती. म्हणाली, "काका, शाळेच्या हॉलमध्ये सभा लावलीय, आरोग्य खात्याचे साहेब येणार आहेत. तिथे सगळ्यांसमोर बोला." मुलाने मला काय बोलायचं ते पाठ करून घेतलं. किती पेशंट येतात, पूल किती लांब, रिक्षावाला काठीवाल्या माणसाला कसा नाही म्हणतो. "पप्पा, मुद्द्याला धरून बोला. घरचं काही काढू नका."

सभेत मी पुढच्या रांगेत बसलो. शेजारी एक तरुण बाई तान्हं पोर घेऊन बसली होती. आमच्या मागच्या चाळीतली. पोराने माझं बोट धरलं, ते सोडेना. ती म्हणाली, "राहू दे आजोबा, त्याला सगळ्यांचीच बोटं आवडतात." मी विचारलं, तू कशाला आलीस? म्हणाली, लसीसाठी. दवाखान्यात लसीला जागाच नाही. पॅसेजमध्ये टेबल मांडतात, आठवड्याला एकच दिवस, आणि बाया पोरांना घेऊन बाहेर उन्हात उभ्या. मागच्या खेपेला तिच्या पोराला तापात उभं ठेवावं लागलं आणि नंबर यायच्या आत लस संपली.

माझं नाव पुकारलं. मी उठलो. साहेब समोर, नगरसेविका समोर, मोबाइल वर करून उभी असलेली पोरं समोर. मुलाने पाठ करून घेतलेलं सगळं डोक्यातून निघून गेलं. मी म्हटलं, "ती खोली बंद करू नका. मी शब्द दिलाय."

साहेबांनी विचारलं, "कोणाला?"

"कावळ्याला."

मग मागून कोणीतरी "काव काव" केलं आणि सगळे हसले. नगरसेविकेने टेबल आपटलं. "ए, कोण आहे रे तो? घरात म्हातारी माणसं नाहीत का तुझ्या?"

साहेब हसले नाहीत. चांगला माणूस होता, माझ्या मुलाच्या वयाचा. चष्मा काढून म्हणाला, "आजोबा, माझी पण आई गेलीय. तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय. पण या दवाखान्यात जागा आणि माणसं वाढवायला या वर्षी पैसा नाही. खोली एकच आहे. लसीला द्यायची की व्यायामाला ठेवायची, एवढंच माझ्या हातात आहे. तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसलाय. तुम्हीच सांगा."

त्या तरुण बाईने माझ्याकडे बघितलं. ती उठून म्हणाली, "साहेब, असं नका ना करू. आम्हाला खोली पाहिजे, पण यांची काढून नको."

"बाई, दुसरी कुठून आणू?"

पोर माझ्याकडे बघून बोट मागत होतं. मला म्हणायला पाहिजे होतं की नाही, आमची आहे, आमचीच ठेवा. माझ्या बायकोचा जीव त्यात आहे. मी तोंड उघडलं. समोर ते पोर. टाळूवरचे केस घामाने चिकटलेले. मी खाली बसलो.

कोणी हात वर करून मत घेतलं नाही. माझं खाली बसणं हेच उत्तर झालं.

घरी येताना मुलगा चिडलेला होता. "पप्पा, कावळ्याचं कशाला काढलंत? आता व्हिडिओ फिरतोय तुमचा."

"फिरूंदे."

"आणि शेवटी बोलला का नाहीत?"

"तू बोलला असतास?"

तो स्कूटर चालवत होता, मागे बसून मला त्याचे फक्त कान दिसत होते, लाल झालेले.

नंतर खोलीला पांढरा रंग मारला. भिंतीवर हत्ती आणि फुगे काढले. मॅडम जायच्या आधी आमच्या घरी आली, बायकोच्या फोटोसमोर बसली आणि म्हणाली, "काकूंचा चहा राहिला." मी तिला चहा करून दिला. साखर कमी घातली. ती प्यायली आणि रडली. आता नागपूरलाच एका खाजगी दवाखान्यात आहे म्हणतात.

शिवणवाली मावशी पुलापलीकडे एकदाच गेली. रिक्षातून उतरताना पडली, तेव्हापासून जात नाही. मी अधूनमधून तिच्याकडे जाऊन बसतो. तिचा डावा हात पुन्हा वळलाय. कापड दाबून धरता येत नाही, मशीनवर ओढणी टाकून ठेवलीय. मी एकदा तांदळाची उकड काढून डबा घेऊन गेलो. ती हसली, म्हणाली, "भाऊ, अजून शिमीटच करता तुम्ही." मी तिचं एकेक बोट सोडवायला बघितलं. मला जमेना. मॅडम कसं करायची ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं, मी आपला बायकोकडे बघत बसायचो. तिला दुखलं तशी ती म्हणाली, "राहू द्या." मग जरा वेळाने म्हणाली, "तुम्ही सभेत खाली बसलात ते बरोबर केलंत. तान्ह्या पोराला नाही कसं म्हणायचं? मीसुद्धा नसतं म्हटलं." असं म्हणून तिने हात पदराखाली घेतला.

तो जिना दवाखान्याच्या मागच्या अंगणात काढून ठेवलाय. मी मागितला होता. वॉचमन म्हणाला, सरकारी वस्तू आहे, सडेल पण देता येणार नाही. एक पायरी फुगलीय. लसीच्या दिवशी थोरली पोरं, धाकट्या भावंडांबरोबर आलेली, त्याच्यावर चढतात, पलीकडे उतरतात, परत धावत येऊन चढतात. त्यांच्या आया आतमध्ये, सावलीत, बाकावर बसलेल्या असतात. ते बघून बरं वाटतं. आणि त्याच वेळी मावशीचा वळलेला हात आठवतो. दोन्ही होतं, काय करू?

वर्षश्राद्धाला मुलाने घरी सगळं यथासांग केलं. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवू म्हणाला. मी म्हटलं, दे माझ्याकडे. ते पान घेऊन मी दवाखान्यामागे गेलो. वडे, खीर, तांदळाची भाकरी, मीच थापलेली, कड फाटलेली. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पान ठेवलं आणि मागे सरकलो.

वॉचमन ओरडला, "ओ आजोबा, इथे खरकटं नाही टाकायचं!" मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तो बिडी पेटवून पलीकडे गेला.

मला धाकधूक होती. शब्द मोडला होता. येणारच नाही कावळा, असं धरून चाललो होतो, आणि मनात एक प्रकारे तेच पाहिजे होतं. संध्याकाळपर्यंत उभा राहीन, ती रुसून बसेल, मी मनवीन. या वेळी द्यायला माझ्याकडे कुठलाही शब्द नव्हता. मी तोंड मिटून उभा राहिलो.

कावळा लगेच आला. कठड्यावर बसला, खाली उतरला, भाकरीचा तुकडा उचलला आणि उडाला. जराही अडला नाही.

इतक्या बेगीन कित्याक इलंस गो? जरा तरी भांडायचा होता माझ्यावांगडा.