बडे गुरुजींची तपासणी

विश्वास ठेवावा अशी एकही वस्तू परमेश्वराने या जगात निर्माण केलेली नाही, असे आमच्या बडे गुरुजींचे ठाम मत होते. आणि खुद्द परमेश्वराच्या हेतूंविषयीही त्यांना थोडी शंका होतीच. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांलगत तेव्हा तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेची आमची प्राथमिक शाळा होती. अमरावतीला कवितांच्या संगतीत वाढलेली मी तिथे नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा हेडमास्तर या नात्याने त्यांनी माझे स्वागत केले ते नेमणुकीचा कागद हुंगून. मग त्यावरचा शिक्का अंगठ्याने हलकेच चाचपला आणि म्हणाले, "शिक्का तं खरा वाटते. पण कागदावरच्या बाई तुमीच, हे कायवरून?" मी माझे नाव सांगितले. "आणखी एकडाव सांगा." मी पुन्हा सांगितले. दोन्ही वेळचा आवाज सारखाच निघाला, म्हणून मला खुर्ची मिळाली.

शाळेमागच्या खोलीत ते एकटे राहत. पत्नी फार पूर्वी निवर्तली होती, मूलबाळ नव्हते, गावाकडचे घर भावकीत विरून गेले होते. ही हेडमास्तरकी सुटली तर ती खोली सुटणार, आणि खोली सुटली तर जावे असा उंबरा त्यांना उरलेला नव्हता. म्हणूनच त्यांच्या साऱ्या लहानमोठ्या संशयांचा एक राजा होता: शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांकरवी कोणीतरी आपल्याला घालवायला टपले आहे. गाडी वेळेवर आली तर "आज काहून वेळेवर?", उशिरा आली तर "कोणाले उतरवून राहिले एवढा वेळ?" सकाळी माठ भरले की पहिला घोट तेच घेत, तो जिभेवर घोळवत, डोळे मिटून त्याची साक्ष काढत आणि मगच मुलांना पाणी मिळे. खडूची नवी पेटी आली की एक खडू दाताखाली चावून पाहत. सरकारातून येणाऱ्या दुधाच्या भुकटीशी तर त्यांचे उघड वैर होते. "दूध म्हणते अन् धूर निघते. गाईचं हाय तं गाईचा वास काहून नाही?" एकदा गाडीवानाने भुकटीचे पोते व्हरांड्यातल्या बाकावर टेकवून ठेवले होते. सायंकाळचा पिवळा उजेड कौलांवरून उतरत होता. गुरुजी आले, थबकले आणि दरडावून म्हणाले, "कोण बसून राहिलं तिथं? ऊठ." पोते बसूनच राहिले. "बोलत नाही. गावातलं नाही वाटते." आम्ही सारे पोट धरून हसलो, भुकटीवरच्या रागाचा हा कळस आम्हांला फार आवडला. क्षणभराने गुरुजीही हसले, पण ते हसणे ताकात पाणी जास्त व्हावे तसे पातळ होते.

अशा माणसाच्या शाळेत वरून हुकूम आला, की मुलांनी आपले आरोग्य आणि स्वच्छता आपणच सांभाळावी आणि त्यासाठी शाळेचे मंत्रिमंडळ निवडावे. "पोरायले मंत्री करा म्हणते," गुरुजी म्हणाले. "मंत्र्यायले पोरं म्हणाची सोय नाही, म्हून उलटं काढलं असन." तरी निवडणूक झाली. उमेदवारागणिक एक मडके, मतासाठी एक चिंचोका. मतमोजणीपूर्वी गुरुजींनी प्रत्येक मडक्यात कोपरापर्यंत हात घालून चिंचोके ढवळले, न जाणो तळाशी काही निघायचे. आरोग्यमंत्री म्हणून तिसरीतली शेवंता निवडून आली. तिचे वडील छोट्या लाइनीवर गँगमन होते. दोनएक वर्षांपूर्वी त्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तिचा आवाज असा घणघणीत, की शाळेची घंटा तिच्यापुढे पुटपुटल्यासारखी वाटे. आता ही मुलगी आपल्या पोरांचे हात धरणार, त्यांच्या डोळ्यांत औषध घालणार, म्हणून गावातली चार वजनदार माणसे तक्रार घेऊन आली. गुरुजींनी त्यांच्यावरही समदृष्टीने संशय घेतला. "हात धरल्यानं रोग होते, हे कोण्या डॉक्टरनं सांगतलं? त्याचं नाव सांगा. अन् दोनडाव सांगा." चौघांनी चार नावे सांगितली, आणि चहा न घेता परत गेले.

मग शाळेत मंत्रिमंडळाचा कारभार सुरू झाला आणि त्याचा वास आजही माझ्या नाकात आहे: ओल्या मातीचा, कडुनिंबाच्या काड्यांचा, राखेने घासलेल्या लोट्यांचा, डोक्याला चोपडलेल्या करंजेलाचा. प्रार्थनेनंतर शेवंता रांगेतून फिरे. "नखं. दात. कानामागं पाहू. अरे, कानामागं वावर हाय का तुह्या? कापसाची पऱ्हाटी लावतं का?" रांग खिदळे, ज्याच्या कानामागे वावर निघे, तो मुकाट्याने हौदाकडे जाई. चैत्राच्या धुळीत मुलांचे डोळे खुपऱ्यांनी लाल होत, तेव्हा ती त्यांच्या पापण्या मोठ्या नजाकतीने उलगडून थेंब घाली आणि रडणाऱ्याला म्हणे, "डोळ्यातून पडलं तं औषध वाया. मनातून रड." तिच्यामागून गुरुजी दुसरी तपासणी करीत, प्रत्येक नखावरून आपला अंगठा फिरवून. आणि हा वारसा त्यांनी मंत्रीबाईंनाही मनःपूर्वक दिला. "पाह्यलेल्यावर जाऊ नको. पोरं ठरवून फसवते. परीक्षेचा पेपर फुटते, तशी तपासणी बी फुटते. म्हून आयत्या वेळी बदलून टाकाव." चिठ्ठी घरी दिली की तिची होडी होते, असा त्यांचा अनुभव होता, त्यामुळे जो नापास होईल त्याच्या घरचे माणूस शाळेत बोलवायचे, असा नियमही त्यांनीच घालून दिला. शेवंता हे सारे पाण्यासारखे पिऊन घेई.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात अकोल्याहून एक डॉक्टर येऊन अक्षरांचा तक्ता टांगून मुलांची नजर तपासून गेले. मंत्रिमंडळाला तो खेळ फार भावला. दूरच्या भिंतीवर गेरूने अक्षरे काढायची, आवारातल्या कडुनिंबाच्या मुळाशी उभे राहून ती वाचायची, अशी तपासणी दर महिन्याला होऊ लागली. मग एके दिवशी मंत्रिमंडळाच्या सभेत शेवंता उठून म्हणाली, "गुर्जी, आता गुर्जीलोकायचे अन् बाईचे बी डोळे तपासाचे, असं ठरलं."

"कोणी शिकवलं हे?" गुरुजींचा आवाज एकदम कोरडा झाला. "डिप्टी साहेबाचा माणूस आल्ता का गावात?"

"नाही जी. आपलंच ठरलं."

आठवडाभर गुरुजींना कधी डोकेदुखी होती, कधी ढग होते, कधी मुहूर्त बरा नव्हता. शेवटी एका सकाळी, शाळा भरण्यापूर्वी, ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, पोरायनं भिंतीवर काय लिवलं ते मोठ्यानं वाचा. शुद्ध हाय का पाहू." सुट्या अक्षरांत अशुद्ध ते काय असणार, हे मनात येऊनही मी वाचत गेले: ग, म, ळ, ट, श, र. "ळ बरोबर काढला?" त्यांनी विचारले. "हो, बरोबर आहे," मी म्हटले. ते समाधानाने गेले.

दुपारच्या सुट्टीत सारी शाळा निंबाखाली जमली. गुरुजी हात मागे बांधून उभे राहिले आणि मंगलाष्टकासारख्या संथ, भरदार स्वरात त्यांनी म्हटले, "ग, म, ळ, ट, श, र." एकही अक्षर अडखळले नाही. कोणी हसले मात्र नाही. मी भिंतीकडे पाहिले. तिथे निराळीच अक्षरे होती. त्यांचा गेरू अजून ओला होता आणि ऊन त्याच्यावर चकाकत होते.

"पास?" गुरुजींनी विचारले.

"गुर्जी," शेवंता म्हणाली, आणि तो घणघणीत आवाज प्रथमच मला हलका वाटला, "ते सकाळचे होते. म्या आता बदलले."

निंबाची पाने गळून पडत होती. हुंगलेला कागद, चाचपलेला शिक्का, बाकावरचे पोते, नखांवरून फिरणारा अंगठा, माझे दोनदा विचारलेले नाव: ज्याला आम्ही संशय म्हणत होतो, तो एका माणसाचा अंधारातला रस्ता होता. गुरुजी बराच वेळ भिंतीकडे, म्हणजे भिंत असावी अशा दिशेला, पाहत राहिले. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी त्या दहा वर्षांच्या मुलीला विचारले, "डिप्टी साहेबाले सांगशीन?"

"साहेबाले काहून सांगू? ते कुठं आपल्या मंत्रिमंडळात हायेत?" ती म्हणाली. "पण नापास झालं का घरचं माणूस बोलवा लागते. तुमच्या घरून कोणाले बोलवू?"

"माह्या घरी कोणी नाही, बेटा."

शेवंता म्हणाली, "मंग माहे बाबा येतीन."

आणि खरोखरच, उन्हाळ्याची सुट्टी लागताच तिचे वडील रजा काढून गुरुजींबरोबर अमरावतीच्या इस्पितळात गेले. मोतीबिंदू पार पिकला होता. मी भेटायला गेले, तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले गुरुजी, मान न हलवता, नर्सला तिचे नाव दुसऱ्यांदा विचारत होते. खाटेशी खाली बसलेले शेवंताचे वडील मला हळूच म्हणाले, "डॉक्टरवर भरोसा नाही त्यायचा. फराळाचं आलं का पयले मले खा म्हणते, मंग ते खाते." गुरुजींच्या कानांनी ते टिपले. "तसं नाही," ते म्हणाले. "सांगितल्याबिगर हा माणूस जेवतच नाही."

शाळा पुन्हा भरली, तेव्हा ते बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून व्हरांड्यात उभे होते. भिंगांमागे त्यांचे डोळे मोठे, ओले आणि जरा घाबरलेले दिसत होते. मुले रांगेत उभी राहिली. गुरुजी एकेकासमोर थांबत गेले. कोणाचीही नखे त्यांनी पाहिली नाहीत; चेहरे पाहिले. मुलांना वाटले, ही कुठली नवीच कडक तपासणी आहे, आणि ती श्वास रोखून उभी राहिली. रांगेच्या टोकाहून तो ओळखीचा आवाज आला, "गुर्जी, जपून चाला, पायरी हाय." गुरुजी आवाजाच्या रोखाने वळले. त्यांची नजर आधी वरच गेली, माणसाच्या उंचीवर. तिथे कोणी नव्हते. मग ती हळूहळू खाली उतरली.

"शेवंता? तू इतकीशीच?" ते म्हणाले. "मले तं वाटे, चांगली उंचपुरी असशीन."

"होईन नं, गुर्जी. थांबा थोडं."

"थांबतो," ते म्हणाले.

पावसाळ्यात डिप्टी साहेब आले, दूरच्या भिंतीवरची सारी अक्षरे गुरुजींनी त्यांना वाचून दाखवली, आणि जनपद सभेच्या नियमाने जेवढे थांबता येत होते तेवढे ते थांबले. त्या काळात त्यांनी कोणावर संशय घेतल्याचे मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत निंबाखाली बसून ते फक्त पाहत राहत, आणि मुले त्यांना भ्यायचीही विसरून गेली. पेन्शन झाल्यावर शेवंताच्या वडिलांनीच त्यांना परतवाड्याला एक खोली पाहून दिली. तिथे दोनएक वर्षांनी ते गेले.

शेवंता पुढे खरोखरच उंच झाली. पण त्याला तेव्हा अजून पुष्कळ अवकाश होता.