सहा ठोके

मामाच्या दुकानात गप्पा मारायला बसलं की नव्या माणसाला हमखास राग येतो. मामा ऐकत असतो, मान हलवत असतो, पण त्याचा अंगठा तर्जनीवर हळूहळू आपटत असतो. हा कंटाळून वेळ मोजतोय असंच वाटतं. तसं नसतं. एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्याच्या बोटांत ठोके मुरलेत. कानाशी जे घड्याळ चालू असेल, त्याच्या लयीत तो काहीही मोजतो: जिन्याच्या पायऱ्या, मामीचं रागावणं, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या.

"माझं भांडण किती ठोक्यांचं झालं ते सांगा एकदा," मामी म्हणते, "म्हणजे उद्या आटोपतं घेईन."

दुकानाच्या काचेबाहेर दिव्याचा एक खांब आहे आणि चाळीस पावलांवर दुसरा, इस्पितळाच्या फाटकासमोर. डोळ्याला भिंग लावलं की मामाला कामाच्या बाकापलीकडचं काही दिसत नाही. पण गाडी पहिल्या खांबापाशी आली की तिची सावली बाकावरून सरकते. तिथून अंगठा सुरू होतो, आणि गाडीचा आवाज फाटकापाशी पोचला की थांबतो.

"मोजतोस कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"मी कुठे मोजतो? मोजलं जातं."

त्या सकाळीही मोजलं गेलं. नऊला दहा कमी होते, म्हणजे सिस्टर सायकलवरून जाण्याची वेळ. इस्पितळातली ही नर्स इतकी वेळेवर जायची की मामा म्हणायचा, माझी घड्याळं चुकतील, ती नाही. ती काचेपुढून गेली. थोड्या वेळानं एक सावली सरकली. अंगठ्यानं सहा मोजले आणि फाटकापाशी लोखंड चिरडल्याचा आवाज झाला.

मामा धावला. सिस्टर रस्त्यावर पडली होती, पायाचं हाड मोडलं होतं. गाडीवाला म्हणत होता, "मी हळूच येत होतो हो, हीच एकदम वळली!" दुसरं कुणी पाहिलेलं नव्हतं. गाडी खांबापासून मोजली गेली होती असं मामानं सांगितल्यावर पोलीस अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, गाडीला खांबापासून फाटकापर्यंत किती वेळ लागला? मामा म्हणाला, सहा. अधिकाऱ्यानं लिहिलं, सहा सेकंद. मामानं वाचून सही केली. सहा हा आकडा खरा होता. पुढच्या शब्दाकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

तीन आठवड्यांनी सिस्टर कुबडी घेऊन दुकानात आली. त्या दिवशी फुटलेलं मनगटी घड्याळ तिनं बाकावर ठेवलं.

"काका, हे चालेल का बघा. मी तर चालत नाही." ती हसली, पण थोडंच. "गाडीवाल्याचा वकील म्हणतो, घड्याळवाल्याची वेळ चुकेल का? चाळीस पावलांना सहा सेकंद, म्हणजे गाडी रांगत होती. दोष माझा. घरच्यांनी सायकलला कुलूप घातलंय. म्हणतात, तुला रस्ता कळत नाही."

मामाचा अंगठा थांबला. त्यानं वर पाहिलं. भिंतीवर मोठं लंबकाचं घड्याळ होतं: सेकंदाला एक ठोका. बाकावर गजराचं होतं: सेकंदाला चार. दोन्ही अपघाताच्या सुमारापासून दुरुस्त होऊन पडलेली, मालक न्यायला आले नव्हते.

"सिस्टर," तो म्हणाला, "मी सहा मोजले. पण कशाचे?"

त्यानंतर मामाचं कशातच लक्ष लागेना. त्या सकाळी लंबक चालू होता का? की तो काढून पुसत होतो? गजराचं कानाशी होतं, की ते आदल्या दिवशी? काम करताना एकेक सकाळ दुसरीत अशी मिसळली होती की ती एक बाजूला काढताच येईना. जेवताना त्याचा घास हातात राहायचा.

"सांगून टाका ना, गजराचं होतं म्हणून," मामी म्हणाली. "ती पोर बिचारी कुबडीवर आली."

"आणि नसलं तर?"

"तर काय आकाश कोसळणार आहे?"

"मग गाडीवाला खरा ठरतो, आणि खोटा मी."

शेवटी त्यानं सिस्टरला बोलावलं. स्टुलावर बसवलं. म्हणाला, "त्या दिवशी वळताना काय काय केलंत ते करून दाखवा. घाई नको, उगाच लांबवूही नका."

सिस्टरनं डोळे मिटले. मान मागे वळवली. "रस्ता खांबापर्यंत रिकामा होता." हात बाहेर काढला. हँडल धरल्यासारखी मूठ वळवली. "इथे धडकली."

मामानं तिच्याकडून तीनदा करून घेतलं आणि मान वळवल्यापासून धडकेपर्यंत मोजलं. लंबकाच्या लयीत कधी एक, कधी दोन. गजराच्या लयीत पाच, सहा, सात.

"सहा सेकंद म्हणजे किती असतात, माहीत आहे का काका? तेवढ्यात मी फाटकातून आत जाऊन सायकल उभी केली असती."

मला वाटलं, सुटलं कोडं. मामाचा चेहरा मात्र तसाच. ती गेल्यावर म्हणाला, "ती खोटं बोलणारी नाही. पण तिला काय आठवतंय आणि काय आठवावंसं वाटतंय, हे तिला तरी कळतंय का? मला माझंच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. मामानं गजराचं घड्याळ पिशवीत घेतलं होतं. लंबकाचं पिशवीत मावत नाही, म्हणून त्याचा फोटो. वाटेत एक गाडी आम्हाला घासून गेली. मी मामाला ओढलं. त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो पिशवीतल्या टिकटिकीवर चालला होता.

अधिकाऱ्यानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "म्हणजे गाडी वेगात होती, असं लिहू?"

"नाही साहेब."

"मग हळू होती?"

"तेही नाही. सहा ठोके मोजले, तेवढं पक्कं. कोणत्या घड्याळाचे, ते मला माहीत नाही. एकानं गाडी रांगते, दुसऱ्यानं चौपट पळते."

"अहो, मग तुमच्या साक्षीचा उपयोग काय?"

"कुणालाच नाही," मामा म्हणाला. "गाडीवाल्यालाही नाही. तेवढं 'सेकंद' खोडा."

अधिकाऱ्यानं कागद पुढे ओढला. मग त्यानं तो शब्द खोडला, बाजूला मामाची सही घेतली आणि आतल्या माणसाला हाक मारली, "त्या रस्त्यावरच्या टायरच्या खुणांचं मोजमाप झालं होतं का रे? फाइलमधले फोटो काढ बघू."

बाहेर आल्यावर मामानं मला विचारलं, "बरोबर केलं ना?"

पिशवीतलं घड्याळ चालू होतं. त्यानं ते बाहेर काढून आधी बंद केलं, आणि मग रस्ता ओलांडायला दोन्हीकडे पाहिलं.