सगळे पत्ते अध्यक्षांचे

इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. नाशिकच्या एका हॉलमध्ये द्राक्ष बागायतदारांच्या संस्थेच्या वेबसाइटचं उद्घाटन होतं. ती बनवणारा गृहस्थ माझ्या शेजारी कॉम्प्युटरसमोर बसला होता. भर उकाड्यात टाय, आणि प्रत्येक बटण दाबण्याआधी पेटीवाल्यासारखी बोटं हवेत फिरवायची सवय.

कोणता पत्ता टाइप केला की कोणतं पान उघडायचं, याचे नियम त्याने स्वतः लिहिले होते. कॉम्प्युटर ते वरून खाली वाचतो आणि पहिला जुळेल तो पाळतो, असं त्याने मला समजावलं. सर्वांत वर अध्यक्षांच्या पानाचा नियम होता, आणि तो कुठल्याही पत्त्याला जुळत होता.

"पत्ता चुकला तरी साहेब दिसले पाहिजेत," तो म्हणाला.

दिंडोरीचा एक बागायतदार पुढे आला. "भाऊ, हवामान दाखवा. पाऊस हाय का? माल तोडायला आलाय."

टायवाल्याने हवामानाचा पत्ता टाकला. हार घातलेले अध्यक्ष हसत उघडले. पुन्हा टाकला. पुन्हा अध्यक्ष.

"तो नियम शेवटी घ्या ना," मी कुजबुजलो.

"साहेबांना शेवटी? स्टेजवर बसवाल का त्यांना शेवटच्या खुर्चीत?"

बागायतदार आभाळ बघायला बाहेर गेला तो परत आलाच नाही. अध्यक्षांनी मात्र स्वतः तीनचार पत्ते टाकून पाहिले आणि टायवाल्याची पाठ थोपटली. "काहीही टाका, बरोबर उघडतं!"

टाळ्या इतक्या वाजल्या की पत्र्यावर पडू लागलेला पाऊस कोणालाच ऐकू आला नाही.